मोठी माय नाव घेते

नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे मला आईनं माहेरी, इंझोरीला, लग्नाआधीच सांगितलं होतं. त्यात सांगण्यासारखं फार काही नव्हतं, कारण गावातली एकही बाई ते काढत नसे. पण मी वाशीमला सासरी आले आणि पाहिलं, तर माझ्या आजेसासूनं या साध्या रीतीचं पार नाटक करून ठेवलं होतं. तिला सगळे मोठी माय म्हणत. आजेसासऱ्यांचं नाव एका देवाचं. त्या देवाची आरती लागली की मोठी माय सगळ्यांच्या वर आवाज चढवायची, आणि नावाची जागा आली की ओठ गच्च मिटून तिथं अशी काही टाळी हाणायची की समईची ज्योत हलायची. पुढच्या ओळीला पुन्हा सूर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू दाबायला मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, रागावल्या. वळून पाहते तर त्यांच्याही तोंडात पदर.

ते नाव मीही इथं लिहिणार नाही. मी त्या घरची नातसून. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. पडत नसेल. माझा हात उठत नाही, एवढंच.

आमचा मळा वाशीमच्या वेशीबाहेर. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडं तिला दुसऱ्या नावानं कोणी ओळखत नाही. घर मळ्यातच, विहिरीला लागून. आजेसासऱ्यांना आम्ही आबाजी म्हणत असू. त्यांनी जन्मभर मोट हाकली होती, आणि मोट हाकणाऱ्याचा असतो तसा त्यांचा आवाज होता. बैलाला इथं हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला बैल मान वर करायचा. मोट सुटली की ते अनवाणी दांडावर जाऊन पाणी वळवायचे. विहिरीवरून वाफ्यापर्यंत पाणी नेणारी चर, तो दांड. टाचेनं माती सरकवून इकडचं पाणी बंद करायचं, तिकडचं उघडायचं. कुठला वाफा तहानलेला आहे ते त्यांना चालता चालता तळपायाला कळायचं, असं मोठी माय म्हणायची. ती त्यांचं कौतुक करताना नेहमी पायांचंच करायची. तोंडाचं कधी केलेलं मला आठवत नाही.

एके दिवशी त्यांनी सांबाराचा अख्खा वाफा उपटून बांधावर टाकला. तण समजून. तो ढीग पाहून मोठी मायनं कमरेवर हात ठेवले.

"अजी, हे काय करून ठेवलं?"

"निंदन केलं. तुमी बाया तं ध्यान देत नाही."

"हे निंदन? नाकाले लावून पाहा बरं!"

त्यांनी जुडी नाकाला लावली, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "वास झकास येते. पन तन हाय."

आम्ही पोट धरधरून हसलो. त्या दिवशी घरात सांबाराच्या वड्या झाल्या, सांबाराची चटणी झाली, आणि आमच्या शेजारणींनीही तेच खाल्लं. मीच ती गोष्ट सगळ्यांना हातवारे करून सांगत होते. हसण्याचाच काळ होता तो. पुढं काय आहे ते कोणाला ठाऊक?

मग त्यांना मोठी माय ओळखू येईनाशी झाली. बाकीच्यांना ते कसंबसं धरून होते. माझ्या सासऱ्यांना, ज्यांना मी मामाजी म्हणते, कधी भाऊ समजायचे, कधी सालदार समजायचे, पण घरचा माणूस समजायचे. मोठी माय मात्र परकी बाई. का ते मला आजही कळलेलं नाही. आबाजी मोठे मर्यादेचे. परकी बाई ओसरीवर आली की ते अंग चोरून बसत, धोतर नीट करत, आणि सांज झाली की काकुळतीनं म्हणत, "बाई, दिवस बुडून राह्यला. तुमच्या घरचे वाट पाहत असतीन. जा आता."

"जातो," मोठी माय म्हणायची. "भाकरी टाकून जातो."

आणि चुलीकडं यायची. चूल फुंकताना धुरानं डोळ्यांना पाणी येतं, ही चुलीची बायकांवर केवढी मेहरबानी!

पण ती माझी आजेसासू होती, नुसती रडत बसणारी नव्हती. एकदा मी तांदूळ निवडत होते आणि ही दोघं ओसरीवर. आबाजी तिला विश्वासात घेऊन सांगत होते, "माही बायको लय तोंडाळ हाय, बाई."

मोठी मायचे डोळे चमकले. तिनं पदर सावरला आणि शेजारीण जशी सरकून बसते तशी सरकून बसली. "असं का? काय म्हनते?"

"काय नाही म्हनत थे इचारा. सकाळपासून चालू."

"मंग सोडून काहून नाही देत? मी पाहू काय दुसरी तुमच्यासाठी?"

आबाजी दचकले. चोहीकडं पाहिलं. "हळू बोला! आइकलं तं मले खाऊन टाकन." मग जरा थांबून म्हणाले, "अन् भाकर चांगली करते थे. अशी बाई भेटत नाही."

मोठी माय उठून आत आली ती नव्या नवरीसारखी लाजलेली. मला म्हणाली, "आइकलं काय वं? पन्नास वर्सांत मले तोंडावर नाही म्हनलं कधी." त्या दिवशी तिनं त्यांच्या ताटात भाकरीवर लोणी वाढलं. आबाजींनी ते बोटानं बाजूला काढलं आणि म्हणाले, "हे माह्या बायकोसाठी ठेवा."

मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी तांदळातले खडे निवडत राहिले. नसलेलेही निवडले.

यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचं स्वतःचं नाव गेलं. आता गंमत अशी, की नाव विसरायला त्यांना यासारखं दुसरं घर मिळालं नसतं. मामाजी आणि माझे धनी पहाटेच गाडी जुंपून बाजाराला जात. घरात आम्ही तिघी: बायको, सून आणि नातसून. एका सकाळी आबाजी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माहं नाव काय हो?"

तिघींच्या तोंडाला कुलूप. बायकोनं घ्यायचं नाही, सुनेनं घ्यायचं नाही, नातसुनेनं तर विचारही करायचा नाही. आत्याबाई माझ्याकडं पाहतात, मी मोठी मायकडं पाहते, मोठी माय छताकडं पाहते.

"सांगा ना वं. कोनाले तं ठावं असन?"

"देवाचं हाय," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"कोनच्या देवाचं?"

पुन्हा कुलूप. मी धावत देवघरात गेले आणि त्या देवाची तसबीर घेऊन आले. त्यांच्यासमोर धरली आणि तसबिरीवर बोट ठेवलं, मग त्यांच्याकडं बोट केलं. पुन्हा तसबीर, पुन्हा ते. मुक्या माणसांच्या नाटकात मला बक्षीस मिळालं असतं.

आबाजींनी तसबीर नीट पाहिली. मग पागोटं सारखं केलं, वाकले, आणि स्वतःच्या नावाला हात जोडून नमस्कार केला.

"देवा," म्हणाले, "माहं नाव काय असन, थे सांग बा."

आम्ही तिघी जिथल्या तिथं बसलो. मामाजी परत येईपर्यंत ते दारात तसेच होते. मामाजींनी बैल सोडायच्या आधी त्यांच्या कानाशी नाव सांगितलं. आबाजींचा चेहरा उजळला. "हो! थोच मी!" म्हणाले. तेव्हापासून मामाजींच्या तोंडून नाव ऐकलं की एखाद्या दिवशी ते वळून पाहत, "थोच मी" म्हणत. एखाद्या दिवशी नाही. पण मोठी मायनं ते मनात धरून ठेवलं: नाव कानावर पडलं तर माणूस अजून वळतो.

मी एकदा तिला म्हटलं, "मोठी माय, तुमीच काहून नाही सांगत? कोन आइकते?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विहिरीत थुंकले होते. "नाव घेतलं तं त्यायचं आयुष्य घटते, बाई. आता उरलंच केवढं? थेही मी खाऊ काय?"

मी घागर उचलली आणि विहिरीवर गेले.

अनसिंगला एक वैद्य आहे, भ्रमावर औषध देतो, असं कोणीतरी मामाजींना सांगितलं. एका बाजाराच्या दिवशी गाडीत कडबा पसरला, वर वाकळ टाकली, आबाजींना बसवलं आणि निघालो: मामाजी, माझे धनी, मोठी माय आणि मी. आत्याबाई मळ्यावर थांबल्या. आबाजी वाटेत फार खुशीत होते. दिसेल त्या शेताला "पानी कमी पडून राह्यलं" म्हणत होते. मोठी मायला त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कुठवर?"

"तुमी जासान तिथवर."

"बरं झालं. सोबत झाली."

वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. विचारलं, "नाव काय, बाबा?"

"तुमीच सांगा," आबाजी म्हणाले. "तुमी वैद्य हा ना?"

वैद्य हसला, मग हसायचा थांबला. मामाजींना विचारलं, "काही दुखते काय याले?"

"नाही जी."

"झोप लागते? जेवते?"

"आमच्यापेक्षा जास्त."

"मंग दवा कायची देऊ?" तो म्हणाला, आणि तरी आमच्याकडं पाहून त्यानं डोक्याला लावायला तेलाची बाटली दिली. ती बाटली मोठी मायनं ओच्यात अशी बांधली की जणू त्यात आबाजींचं सगळं डोकंच भरून दिलं होतं.

बाजारातून जाताना मामाजी बैलांना पाणी पाजायला थांबले. मी आणि मोठी माय बांगड्यांच्या दुकानाशी वळलो असू. परत आलो तर गाडीत कडबा होता, वाकळ होती, आबाजी नव्हते.

मामाजी नाल्याकडं धावले, कारण पाणी दिसलं की आबाजी तिकडं ओढले जात. माझे धनी वाशीमच्या रस्त्यानं मागं गेले, घराकडं निघाले असतील म्हणून. आम्हा दोघींना बाजारात पाहायला सांगितलं. आणि दोघे दिसेनासे झाल्यावर आमच्या ध्यानात आलं, की नाव घेऊ शकणारी दोन्ही तोंडं निघून गेली आहेत.

अनसिंगचा बाजार मोठा. मिरचीचे ढीग, मडकी, दोरखंड, कोंबड्या, आणि माणसांचा नुसता चिखल. मी छाती भरून ओरडले, "आबाजीऽऽ!" त्या बाजारातला प्रत्येक म्हातारा कोणाचा ना कोणाचा आबाजी होता. पाच-सहा पागोटी वळली. त्यांतलं आमचं एकही नव्हतं. एक जण तर "काय म्हनतं, माय?" म्हणून जवळसुद्धा आला.

मग मोठी मायनं हाक मारली. बायको नवऱ्याला मारते ती.

"अजीऽऽ! आइकलं काऽऽ!"

देवाशपथ सांगते, अनसिंगच्या बाजारातले सगळे लग्न झालेले पुरुष जागच्या जागी थांबले. मिरची तोलणाऱ्याचा तराजू अधांतरी राहिला. कोणाकोणाच्या मानेवर तर अपराध्यासारखा घाम आला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिथं लोळण घेतली असती. मोठी माय त्या सगळ्या वळलेल्या तोंडांवरून एक एक करून डोळे फिरवत होती, आणि तोंड पाहून झालं की तिचा खालचा ओठ जरासा आत जात होता.

गावाचा कोतवाल डफडं घेऊन आला. माणूस चांगला होता. "कोन हरपलं, आजी? सांगा, आत्ता दवंडी देतो. नाव काय?"

मोठी माय गप्प.

"बुढा हाय," मी म्हटलं. "पांढरं पागोटं. अनवानी. आमचे आजेसासरे."

"नाव?"

मी गप्प.

"अवं बाई, बैल असता तं शिंगं सांगून धुंडला असता. पांढऱ्या पागोट्याचे बुढे इथं ढीगभर हायेत. नावाबिगर काय पिटू?"

भोवती माणसं जमू लागली. कोणी म्हणालं, "लाजते बुढी." कोणी म्हणालं, "उखाणा घ्या, आजी!" आणि बायका हसल्या, वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. मोठी मायनं माझा हात धरला होता. तिचं बोट माझ्या बांगडीत अडकलं होतं आणि बांगडी मनगटात रुतत होती. उखाण्यात घेतलेलं नाव चालतं. तेवढी सूट जुन्या बायकांनी स्वतःला देऊन ठेवली आहे. तिनं डोळे मिटले आणि लग्नाच्या मांडवात म्हणतात तशा सुरात म्हटलं:

"हिरव्या सांबाराचा वास जाते दूर,
—चं नाव घेतो तं भरून येते ऊर."

त्या मोकळ्या जागी नाव होतं. पण पुरतं बाहेर पडायच्या आत लोकांनी "वा! वा!" केलं, टाळ्या वाजल्या, कोणीतरी शिट्टी मारली, आणि नाव त्यातच बुडालं. कोतवालानं कानाला हात लावला. "काय म्हनलं? आइकू नाही आलं, आजी."

मोठी मायनं डोळे उघडले. माझा हात सोडला. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, तो तिनं वर घेतला नाही. आणि उखाणा नाही, यमक नाही, सूर नाही, तिनं ते नाव नुसतं ओरडून टाकलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. मोकळ्या डोक्यानं, भर बाजारात, मूल विहिरीत पडल्यावर आई ओरडते तसं.

टाळ्या थांबल्या. कोतवालाला डफडं वाजवायचं भान राहिलं नाही.

आबाजी तिथंच होते. सारा वेळ. आमच्यापासून चार ढिगांपलीकडं एका अनोळखी माळणीजवळ उकिडवे बसून तिच्या सांबाराच्या जुड्यांवर ओंजळीनं पाणी शिंपडत होते. नाव ऐकून त्यांनी मान वर केली. ते उठले. धोतराला हात पुसले. गर्दीतून वाट काढत सरळ तिच्याकडं आले, आणि तिच्यापासून परक्या बाईपासून उभं राहावं तेवढ्या अंतरावर थांबले.

"बाई," ते म्हणाले, "रडू नोका. तुमचं मानूस हरपलं काय?"

मोठी मायनं मान डोलावली.

"घाबरू नोका. मी धुंडून देतो. माहा आवाज मोठा हाय. काय नाव म्हनलं त्यायचं?"

तिनं पुन्हा सांगितलं. आता हळूच, समोरासमोर.

"नाव अच्छा हाय," आबाजी म्हणाले. आणि छाती भरून, मोटेवर बैलांना साद घालायचे त्या आवाजात, त्यांनी स्वतःच्याच नावानं हाक मारली. मडक्यांमध्ये घुमली ती. "चाला," म्हणाले, "तुमी माह्या मांगं मांगं या. गर्दीत तुमीही हरपसान."

ते पुढं निघाले. मिरचीच्या रांगेतून, दोरखंडांच्या रांगेतून, थांबून थांबून हाक मारत. "अवो, तुमची बायको धुंडून राह्यलीऽ!" लोक बाजूला होत होते. कोणी हसलं नाही. मोठी माय मागून चालत होती, एक हात ओच्यातल्या तेलाच्या बाटलीवर. मी तिच्या मागून. दर हाकेनंतर आबाजी कान देऊन थांबत, उत्तर येतं का ते ऐकत, आणि मग वळून तिला धीर देत: "येईन थो. जाते कुठं?"

मामाजी नाल्यावरून परत आले तेव्हा आम्ही बाजाराचा फेरा पुरा करून गाडीपाशी आलो होतो. आबाजी गाडीत चढायला तयार नव्हते. बाईचं माणूस सापडल्याशिवाय कसं जायचं? शेवटी मोठी मायच म्हणाली, "थे घरी गेले असतीन. तिथं पाहू."

"हे बराबर बोलल्या," म्हणाले आणि चढले.

त्यानंतर ते जितके महिने होते, तितके महिने मोठी माय त्यांचं नाव घेत होती. साधं, उघड, सकाळ-संध्याकाळ, त्यांनी विचारलं की. आरतीतली टाळी बंद झाली. त्या जागी ती आता गायची. आत्याबाई पहिल्यांदा दचकल्या, मग सवय झाली. आयुष्य घटेल, हे ती पुन्हा कधी बोलली नाही. ते तेल ती रोज सांजेला त्यांच्या टाळूवर घालायची. परक्या बाईनं डोक्याला हात लावलेला त्यांना आवडत नसे, पण वैद्यानं सांगितलं म्हणून ते सोसून घेत, डोळे मिटून, अवघडून बसून.

"बाई," ते विचारायचे, "सापडलं काय वं तुमचं मानूस?"

"नाही जी," ती तेल जिरवत म्हणायची. "अजून नाही."

"उद्या जाऊ मंग पुन्हा," आबाजी म्हणायचे. "मी येतो संगं."